हे नाव जिवंत व्यक्तीचं आहे का?

आधी नुसतंच टीएम होतं.
ते कुणीही लावावं, वकीलबाई म्हणाल्या,
परवानगी नको, पैसे नकोत,
हे माझं आहे, एवढंच म्हणणं ते.
नावाच्या कोपऱ्यात दोन बारीक अक्षरं,
रुमाल टाकून जागा धरावी तशी.
वर्तुळातला आर मात्र मिळवावा लागतो.
मिळायच्या आधी लावलात, तर खोटं बोललात.

नॅशुआत तेव्हा बर्फ वितळत होतं,
रस्त्याकडेला काळा चिखल.
मी तळघरात डाळ भाजत होते,
तांदूळ, उडीद, गहू, चिमूटभर मोहरी,
सुंठ जरा जास्त, इकडच्या सर्दीला तेवढी लागते.
बरणीवर नाव: कालिंदी मेतकूट.

त्यातलं मेतकूट सोडून द्या, वकीलबाई म्हणाल्या,
तो शब्द सगळ्यांचा, कुणा एकीला मिळत नाही.
त्यावर दावा नाही असं लिहून द्या.
दिलं. देताना बरंच वाटलं.
सबंध वाई हसली असती मला.
(तरी त्या कार्यालयाशी माझं मेतकूट जमायला
अकरा महिने गेले.)

मग परीक्षकाचं पत्र आलं. दोनच प्रश्न.
या शब्दाचा इंग्रजीत अर्थ काय?
लिहिलं, एका नदीचं दुसरं नाव.
आणि, हे नाव जिवंत व्यक्तीचं आहे का?
असल्यास तिची लेखी संमती जोडा.
नसल्यास तसं कळवा.

मी गॅस बंद केला.

पासपोर्टवर स्नेहल आहे.
बँकेत स्नेहल, मुलाच्या शाळेत स्नेहल,
इस्पितळात मनगटावर बांधलेल्या पट्टीवर स्नेहल.
साताऱ्याच्या एका मंगल कार्यालयात
ताटभर तांदळात स्वानंदने अंगठीने ते लिहिलं,
'स'ला 'स' जुळतो म्हणून.
सगळ्यांनी वाकून वाचलं. पेढे वाटले.
फोटोत मी ताटाकडे बघते आहे.
संमतीची ओळ नव्हती कुठे,
हरकत घ्यायला तीस दिवसही नव्हते.
त्या तांदळाचं पुढे काय झालं कोण जाणे,
बहुधा भात.

तीन वर्षं न वापरलेलं चिन्ह
मालकाने टाकून दिलं असं धरतात.
हा नियम मी आधीच वाचून ठेवला होता.
माझी एकतीस झाली.
पण दर रविवारी वाईहून शशिकलाचा फोन येतो,
ती हॅलो म्हणत नाही,
म्हणते, "कालिंदे, जेवलीस का?"
एवढा वापर पुरे होईल का, मी विचारलं.
वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.
तो नियम मसाल्यांना आहे, त्या म्हणाल्या,
माणसांना नाही.

म्हणून दोन सह्या.
वर अर्जदार, स्नेहल स्वानंद टिळेकर,
सवयीची, एका झटक्यात.
खाली संमती देणारी, कालिंदी विष्णू सोहोनी.
'ल'पाशी हात अडला,
वेलांटी पहिली की दुसरी?
शाळेच्या वहीत मागच्या पानावर
किती वेळा गिरवली होती ही सही,
मोठेपणी लागेल म्हणून.

महिनाभर नाव जाहीर राहिलं.
कुणी हरकत घेतली नाही.
प्रमाणपत्र आलं, नवी लेबलं छापली.
स्वानंदने चष्मा कपाळावर सरकवला,
आर शोधला, म्हणाला, "एवढंसंच?"
एवढंसंच असतं ते.
पाचव्या-सहाव्या वर्षी पुन्हा शपथेवर सांगायचंय,
नाव अजून वापरात आहे.

शनिवारच्या बाजाराची तयारी होती.
तो वर बरण्यांना लेबलं डकवत होता, थोडी वाकडीच,
आणि जिन्यावरून ओरडला,
"कालिंदी, झाकणं कुठायत?"
माल मागत होता की मला हाक मारत होता,
मी विचारलं नाही.
सुंठीचे हात तसेच होते.
मी ओ दिली.